मी कापून टाकलेली घोडी

आमच्या ऑफिसातून पिक्चरची प्रिंट बाहेर पडायची तेव्हा हिरो आणि हिरॉईन दोघंही धडधाकट असायचे. गावोगाव फिरून चार-सहा महिन्यांनी प्रिंट परत यायची तेव्हा हिरो होता तसा परत यायचा. व्हिलन यायचा, हिरोचा बाप यायचा, गावचा पाटील आणि त्याचा विनोदी नोकर, सगळे ठणठणीत. कमी भरायची ती हिरॉईन. कुठं गाण्यात मान वळवतानाच गायब, कुठं डोळे पुसायच्या आत गायब, कुठं विहिरीवर घागर भरायला वाकली ती एकदम स्वयंपाकघरातच. मी कोल्हापुरात पिक्चर वितरणाच्या एका ऑफिसात पंचवीसेक वर्षं प्रिंट तपासायचं काम केलं. हिरॉईन कुठं जाते हे मला पहिल्याच वर्षी कळलं. मशीन चालवणारे ऑपरेटर तिचे चेहरे कापून ठेवायचे.

आता ती मशिनंही भंगारात गेली, म्हणून थोडं समजावून सांगते. एक पिक्चर म्हणजे चौदा-पंधरा रिळं. रिळं पत्र्याच्या डब्यात, डबे लोखंडी पेटीत, आणि पेटी एसटीच्या टपावर. फिल्मवर पोस्टाच्या तिकिटाएवढं एकेक चित्र, आणि अशी चोवीस चित्रं पडद्यावरून गेली की एक सेकंद होतो. दोन्ही कडांना भोकं. मशिनचे दात त्या भोकांत अडकतात आणि फिल्म पुढं सरकते. भोकं फाटली की फिल्म तुटते, आणि तुटली की थेटरात शिट्ट्या सुरू.

परत आलेलं रीळ मी टेबलावर चढवायची. उजव्या हातानं दांडा फिरवायचा आणि डाव्या हाताच्या दोन बोटांमधून फिल्म जाऊ द्यायची. डोळ्यांचं काम नंतर, आधी बोटांना कळतं. फाटलेलं भोक बोटाला टोचतं. तिथं थांबायचं, खराब तेवढा तुकडा कापायचा, कड ब्लेडनं खरवडायची, सोल्युशनचा थेंब लावायचा, दाबायचं आणि मनात दहा मोजायचे. ह्याला सांधा मारणं म्हणतात. कापलेला तुकडा टेबलाखालच्या डब्यात. डबा भरला की पोत्यात, आणि पोतं रिळं धुणाऱ्या माणसाला. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चांदीचा थर असतो, तो धुऊन काढायचा त्याचा धंदा.

हे काम मला मिळालं ते अब्बांमुळं. अब्बा बाइंडर होते आणि आमच्या ऑफिसच्या मालकांची पोस्टरं कापडावर चिकटवून द्यायचे. एकदा मालक पोस्टरं न्यायला आले. मी सुरकुती न पाडता पोस्टर चिकटवत होते ते त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "ही पोरगी माझ्याकडं पाठवा." अब्बांनी दोन अटी घातल्या. खोलीचं दार उघडं पाहिजे, आणि पिक्चरचं ऑफिस आहे हे आमच्या नातेवाइकांना कळता कामा नये. त्यामुळं माझं लग्न होईपर्यंत सगळ्या खाला-फुफ्फींना मी पार्सल ऑफिसात आहे असंच ठाऊक होतं. पेट्या रोज येत-जात होत्या, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं.

एकेक ऑपरेटर म्हणजे नमुना. एकानं तुटलेली फिल्म बाभळीच्या काट्यानं टाचून पाठवली होती. दुसऱ्यानं जखमेवर लावायची पट्टी चिकटवली आणि वर चिठ्ठी, "बाई, आता दुखत नाही." एक गृहस्थ तर शाहूवाडीकडनं भाताचं पोतं विकायला आलेले, ऑफिसात शिरले आणि म्हणाले, "पावणं, तुमच्या पिक्चरात माझा बैल हाय. त्याचा येक फोटू कापून द्या." मी रीळ काढून बैल शोधला. बैल शेपटीसकट शाबूत होता. त्याचं एकही चित्र कुणी चोरलं नव्हतं.

हिरॉईनबद्दल मी मालकांकडं तक्रार केली. मालक हसले. "खैरुन, पोरं हाइत. एकदोन चित्रांनी काय पिक्चर बुडतंय व्हय?" एकदोनानं बुडत नाही, पण प्रत्येक गावातला प्रत्येक जण एकदोनच घेत होता. आणि कापून पुन्हा जोडायचे ते इतकं वेडंवाकडं की गाण्याची चाल उचकी लागल्यासारखी व्हायची. मग मी काय करायची? चाल नीट लागावी म्हणून पुढच्या ठेक्यापर्यंतचा भाग मीही कापायची आणि सुबक सांधा मारायची. खैरुनचा सांधा पडद्यावर दिसत नाही, असं आमच्या धंद्यात बोललं जायचं. मला त्याचा फार गर्व होता. लपवून काय करू?

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसले ते सांगते.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. एका दुपारी दोघी बायका दारात उभ्या राहिल्या. एक पन्नाशीची, उंच, काठापदराचं लुगडं, आणि तिचा दंड धरून एक तरुण बाई. आमच्या शेजारीच डोळ्यांचा दवाखाना होता, तिकडच्या बायका चुकून आमच्याकडं यायच्या. मी म्हटलं, "डॉक्टर पलीकडच्या दारात बसतात."

"डाक्टरकडनंच आलोय," थोरली म्हणाली. "हितं पिक्चरची रिळं असत्यात न्हवं?"

थोरलीला खुर्ची दिली. त्यांचं नाव अनसूयाबाई, आणि बरोबर होती ती त्यांची सून शोभा. घरी म्हशी, दुधाचा धंदा, राहायला मंगळवार पेठेत. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. "कडंचं समदं गेलंय," त्या म्हणाल्या. "नळीतनं बघितल्यागत मधलं तेवढं दिसतंय. तेबी किती दीस ऱ्हातंय, त्यो सांगत न्हाय."

"आत्यास्नी एक पिक्चर बघायचं हाय," शोभा म्हणाली. "डोळं हाइत तवर."

"कुठलं?"

अनसूयाबाईंनी नाव सांगितलं. त्या पिक्चरला आमच्या ऑफिसात कुणी नावानं ओळखत नव्हतं, आम्ही त्याला घोडीचं चित्र म्हणायचो. भावाला सोडवायला निघालेली पोरगी घोडीवरून भरलेली नदी पार करते, त्यावरून. जुनं होतं, पण जत्रांत चांगलं चालायचं.

"त्यातली हिरॉईन म्हंजे मी," अनसूयाबाई म्हणाल्या.

मी बघतच राहिले. अठरा वर्षं मी त्या पिक्चरला सांधे मारत होते. तो चेहरा हजारदा माझ्या बोटांतून गेला होता, आणि समोर बसला तर मला ओळखू आला नाही. मला माझीच शरम वाटली.

त्यांचे वडील पागेत घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार होते, त्यामुळं घोड्यावर बसणं त्यांना चालण्याआधी आलेलं. पिक्चरच्या कंपनीला घोडीवर बसू शकणारी पोरगी पाहिजे होती. बाहेरून आणलेल्या दोघी पडल्या, तिसरी घाबरून परत गेली, आणि घोडी धरायला आलेल्या अनसूयेलाच कंपनीनं रंग फासून उभं केलं. हिरोला मात्र घोड्याची इतकी भीती की त्याची सगळी घोडदौड लाकडी घोड्यावर झाली.

"नदीत पाणी हुतं छातीएवढं," त्या सांगत होत्या. "गूळ आटवायच्या मोठ्या काहिलीत क्यामेरावाला बसवला, चौघं जण पवत ती काहील माझ्या बाजूनं ढकलत हुती. मधोमध आल्यावर डायरेक्टर वरडला, हात हलीव भावाला. म्या म्हणलं, येक कशाला? दोनी सोडलं. लगाम घोडीच्या मानंवर टाकला आन दोनी हात आसं पसरलं."

"मग पिक्चर बघितलं नाही कधी?"

"कुठलं! लगीन ठरलं त्याच म्हैन्यात. सासऱ्यांनी सांगितलं, थेटरात पाऊल टाकायचं न्हाय आन पिक्चरचं नाव घरात काढायचं न्हाय. पिक्चर लागलं तवा मी दुधाच्या किटल्या घिऊन त्याच थेटरावरनं जात हुतो. डोस्क्यावर पदर. भितीवर माझाच फोटू."

मग हळू आवाजात म्हणाल्या, "येकदा आमच्या ह्यांना सांगितलं हुतं, म्या लगाम सोडला हुता म्हणून. ते हसलं. म्हणलं, पिक्चरात समदं खोटं असतंय, तुला बांधली आसंल, तुला कळलं बी नसंल. मग कुणाला सांगितलं न्हाय. पर हळूहळू माझंच मला खरं वाटंना झालंय बग पोरी. सोडला हुता का म्या? का नुसतं मनात सोडला? येवढंच बघायचं हाय मला. बाकीचं पिक्चर नको."

मी म्हटलं, "दोन दिवसांनी या. प्रिंट काढून ठेवते."

त्या गेल्या आणि मी गोदामात गेले. घोडीच्या चित्राची आमच्या भागातली एकच प्रिंट उरली होती. कंपनी कधीच बुडाली होती, निगेटिव्हचा पत्ता कुणाला नव्हता. ही एक प्रिंटही दाराजवळच्या ढिगात होती, कारण रंगीत पिक्चरांना जागा पाहिजे म्हणून मालकांनी जुनी रिळं धुणाऱ्याला द्यायचं ठरवलं होतं. आठवड्याभरात त्याचा टेम्पो येणार होता. डबा उघडला तर सिरक्यासारखा आंबट वास आला. फिल्म मरायला लागली की असाच वास येतो.

नववं रीळ टेबलावर चढवलं आणि शेवटाकडं गेले. घोडी अलीकडच्या काठावरून पाण्यात उतरायला निघते. पुढं एक सांधा. सांध्यापुढं अनसूयाबाई पलीकडच्या काठावर उतरून पळत निघालेल्या. मधली नदी नव्हती.

सांध्यावरून बोट फिरवलं. कड लागत नव्हती. कोल्हापुरात इतका साफ सांधा मारणारी एकच बाई होती.

मग मला सगळं आठवलं. रिळाचं टोक नेहमी जास्त झिजतं, मशिनवर चढवताना-उतरवताना तिथंच हात लागतात. त्यात घोडी नदीत शिरली की जत्रेतले लोक 'वन्स मोअर' ओरडायचे, ऑपरेटर रीळ मागं फिरवून पुन्हा लावायचा. तो भाग दर फेरीला फाटून यायचा आणि दर फेरीला मी थोडा कापायची. शेवटी इतका थोडा राहिला की घोडी पाण्यात टुणकन उडी मारून पलीकडं गेल्यासारखी दिसायला लागली. लोक हसायला लागले. एका थेटरवाल्याची तक्रार आली. तेव्हा मी उरलेली सगळी घोडी कापून काठाला काठ जोडला. मालकांनी रीळ चालवून बघितलं आणि म्हणाले, "आता कसं, कळत बी न्हाय काय गेलं ते." त्या दिवशी मी घरी खुशीत गेले होते. घोडी टेबलाखालच्या डब्यात, डब्यातून पोत्यात.

दोन दिवसांनी सासू-सून आल्या. मला खरं बोलायचं धाडस झालं नाही. म्हटलं, "प्रिंट फार खराब आहे, दुरुस्तीला महिना लागेल." अनसूयाबाई म्हणाल्या, "बरं." महिनाभरात त्यांची नळी किती अरुंद होईल, हा विचार त्यांच्या मनात आला असेल. माझ्या तर आलाच, तरी मी खोटं बोलले.

पण त्या रात्री एक गोष्ट सुचली. घोडीचं चित्र ज्या ज्या गावी गेलं तिथल्या ऑपरेटरांनी तुकडे कापले होते. एखाद्यानं तरी नदीतला कापला असेल. मी ओळखीच्या सगळ्या ऑपरेटरांना कार्डं टाकली. "घोडीच्या चित्राचे तुकडे कुणापाशी असल्यास पाठवावेत. कुणावर राग नाही." एकाचंही उत्तर आलं नाही. मालक म्हणाले, "अगं, बाईमाणसानं विचारल्यावर कोण कबूल करंल?"

मग मीच एसटीनं नेसरीला गेले. तिथले तुकाराम मिस्त्री फिरत्या तंबूतल्या थेटरात मशीन चालवायचे, आता त्यांनी पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. मी विषय काढल्यावर ते पान्हा हातात घेऊन नुसते उभेच. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "द्या की वं काढून! कापून ठेवताना लाज न्हाई वाटली, आता वाटतीय व्हय?" आणि ती स्वतःच तंबाखूचा पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आली. "ह्या बघा माज्या सवती. लगीन झाल्यापास्नं संबाळतोय."

डब्यात निरनिराळ्या हिरॉईनी होत्या, त्यांतल्या चार अनसूयाबाई. तुकाराम मिस्त्री म्हणाले, "टाकावं वाटंना, बाई. वाईट हेतू न्हवता. आमच्या अंधाऱ्या खोलीत कोण हुतं दुसरं?" इतकी वर्षं मी ह्या माणसाला मनात शिव्या घातल्या होत्या. पण त्यानं जपलं होतं, आणि मी टाकलं होतं.

एकदा मिस्त्रींनी दिले म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. पाकिटं यायला लागली. कुणी काड्यापेटीत, कुणी विडीच्या कागदात गुंडाळून, कुणी आरशामागून उचकटून. एका ऑपरेटरच्या मुलानं लिहिलं, "बाबा वारले. हा तुकडा त्यांच्या पाकिटात होता. कोण आहे माहीत नाही, पण बाबांनी जपला म्हणून टाकवत नव्हता." मी ते पत्र वाचून रडले, खोटं कशाला सांगू.

तीसेक तुकडे जमले. मी सगळे काचेवर मांडले, खालून दिवा लावला आणि एकेक बघितला. चेहरे. हसणारा, रडणारा, ओला, कोरडा, कपाळावर बट आलेला. घोडी कुठंच नव्हती. साहजिकच होतं. नदीच्या लांबच्या चित्रात बाई बोटाच्या नखाएवढी, ते कोण कशाला कापून ठेवील?

मालक माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. टेम्पो दोनदा माघारी पाठवायला लावला म्हणून ते चिडले होते, आणि आता पुन्हा बोलणार असं मला वाटलं. मीच आधी सुरू केलं. पुण्याच्या सरकारी संग्रहालयाचं जुनी पिक्चरं मागणारं पत्र ऑफिसात कधीचं पडून होतं. म्हटलं, "मालक, ही प्रिंट धुवायला द्यायची नाही. पुण्याला पाठवायची."

"सडकी रिळं, त्यात मधली नदी गायब. कोण घेतंय?"

"घेतो म्हणालेत. मी विचारलंय."

"मला न इचारता?"

"हो."

मालक काचेवरचे तुकडे बघत राहिले. मग आपल्या टेबलाकडं गेले, खालचा खण उघडला, आतून एक लहान पाकीट काढलं आणि माझ्यापुढं ठेवून खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. पाकिटात एक तुकडा होता. तोही अनसूयाबाईंचाच, ओल्या केसांचा, कमरेपासून वर. एकही ओरखडा नाही. प्रिंट नवी कोरी असताना, पहिल्याच दिवशी कापलेला.

"मालक, तुम्हीसुद्धा?"

"मी बी पोरगाच हुतो की गं तवा," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "धाड, प्रिंट पुण्याला धाड."

मी तो तुकडा बाकीच्यांत ठेवला. सुंदर चेहरा होता, पण माझ्या कामाचा नव्हता. मला घोडी पाहिजे होती.

पेटी पुण्याला जायच्या आदल्या दिवशी दोघींना बोलावलं. महिना उलटून गेला होता. ह्या वेळी शोभानं अनसूयाबाईंचा दंड नुसता धरला नव्हता, तिला त्यांना पायऱ्या मोजून सांगाव्या लागत होत्या. खुर्चीवर बसवलं, चहा दिला. चहा संपेपर्यंत मी टाळलं, मग सांगून टाकलं.

"अक्का, नदी नाही. ती मी कापली."

"तू?"

"हो. फाटत होती, तुटक दिसत होती. घोडी उडी मारल्यासारखी दिसायची आणि लोक हसायचे. म्हणून सगळीच काढून टाकली."

"हसायचं?" त्यांचा चेहरा पडला. "माझ्या घोडीला?"

शोभा माझ्याकडं अशी बघत होती की मला खाली बघावं लागलं. मी म्हटलं, "मला त्या वेळी वाटलं, मी दुरुस्ती करतेय. चूक माझी आहे. हे थोडे तुकडे मिळवलेत, पण हे सगळे चेहऱ्याचे आहेत."

अनसूयाबाईंनी रिकामा कप बाजूला सारला. मला वाटलं उठून जातील, आणि गेल्या असत्या तर बरोबरच होतं. पण त्या पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "दाव. जे हाय ते दाव."

तुकडे मशिनवर लावण्याजोगे नव्हते, आणि पडदा त्यांना दिसलाही नसता. एवढा मोठा पडदा त्यांच्या नळीत कसा मावणार? म्हणून मी त्यांना माझ्याच खुर्चीवर बसवलं, काचेखालचा दिवा लावला आणि हातात भिंग दिलं. ते मात्र जमलं. तिकिटाएवढं चित्र, मागून उजेड आणि वर भिंग. नळीतून बघणाऱ्या डोळ्याला तेवढंच पुरे होतं.

मी एकेक तुकडा सरकवत गेले. त्या बघत गेल्या. "ह्ये घागरीचं." "हितं मला ताप हुता." "ही नथ कंपनीची, माघारी घेतली मेल्यांनी." मध्ये एकदा हसल्याही. शोभा मागून वाकून बघायचा प्रयत्न करत होती. तीस तुकडे संपले. शेवटी मालकांचा राहिला होता, तो सरकवला.

अनसूयाबाईंनी भिंग जरा वर उचललं, जरा डावीकडं नेलं, मग उजवीकडं, पुन्हा डावीकडं.

"काय झालं, अक्का?"

"तोंड नको बगू," त्या म्हणाल्या. "हात बग."

मी वाकले. हा तुकडा मी दहा वेळा तरी बघितला होता. आम्ही सगळ्यांनी चेहराच बघितला होता, मालकांनी इतकी वर्षं आणि मी गेले काही दिवस. चित्राच्या दोन्ही कडांना काहीतरी पुसट पांढरं होतं, ते मी केसांतून उडालेलं पाणी समजले होते. भिंग नीट धरल्यावर दिसलं, उडत्या पाण्याआड ते हात होते. खांद्यापासून दोन्ही बाजूंना सरळ पसरलेले, बोटं उघडी. आणि खालच्या कडेला, चित्र संपतं तिथं, घोडीच्या मानेचा वरचा भाग, ओली आयाळ, आणि तिच्यावर सैल पडलेला लगाम. काहिलीतून कॅमेरावाल्यानं जवळून घेतलेलं नदीतलंच चित्र होतं ते.

"सोडला हुता," अनसूयाबाई म्हणाल्या. भिंगावरून डोळा काढायला त्या तयार नव्हत्या, आणि त्यांच्या नाकावरून पाणी काचेवर पडत होतं. "खैरुन, म्या खरंच सोडला हुता गं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मालक दाराशी आले होते, ते तसेच मागं फिरले.

मग शोभा म्हणाली, "आत्या, मला बी बघू द्या की." तिनं भिंग घेतलं, एक डोळा मिटला आणि बघत राहिली. सासू तिच्याकडं तोंड करून बसली होती. तिला सुनेचा चेहरा दिसत होता की नाही कोण जाणे. शोभानं मान वर केली तेव्हा ती जणू एखाद्या अनोळखी बाईकडं बघत होती.

"आत्या, भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की," अनसूयाबाई म्हणाल्या. "पर लई मजा आली गं! ते सांगायचंच ऱ्हाऊन गेलं हुतं कुणाला."